विजेचा हात घेण्यापूर्वी

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले होते. सव्वीस वर्षांचा एक तरुण वडिलांबरोबर दवाखान्यात आला. घर मूळचे बीडकडचे. भोसरीतल्या एका लहानशा शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना त्याचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता. त्या गोष्टीला दीड वर्ष उलटले होते. वडिलांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाचही बोटे हलवणारा, काळ्या रंगाचा, विजेवर चालणारा कृत्रिम हात होता तो. एका प्रदर्शनात पाहिला, मनात भरला आणि घेतला. त्यापायी गावाकडची अर्धा एकर जमीन गहाण पडली होती.

"डॉक्टर, तिथं हा हात माझं ऐकत होता," मुलगा म्हणाला. "घरी आणल्यापासून ऐकत नाही."

मी त्याला हात घालून दाखवायला सांगितले. खुर्चीत बसून त्याने मूठ उघडली, मिटली. छान जमले. मग मी त्याला उभे राहून फळीवरचा स्टीलचा पेला काढायला सांगितला. हात वर जाताच बोटे आपोआप उघडली आणि पेला खाली पडला. दुसऱ्यांदाही तेच. दवाखान्यातला पंखा बंद होता. पाच-सात मिनिटांत त्याच्या दंडावरून घामाचे ओघळ आले आणि त्यानंतर मूठ मिटायलाही नकार देऊ लागली.

"बिघडलाय का हो हा?" वडिलांनी विचारले.

हात बिघडलेला नव्हता. तो ज्याला वापरायचा होता, त्याच्या रोजच्या जगण्यात त्याची परीक्षाच कोणी घेतली नव्हती. ती परीक्षा कशी घ्यावी, हे आज सांगायचे आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांना त्याची गरज पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागाचे दुखणे

मोटारी आणि दुचाकी आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत जुळतात, पण त्यांचे पत्र्याचे सुटे भाग शेकडो लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर ठोकले जातात. प्रेसला संरक्षक जाळी नसेल, दोन्ही हातांनी दाबायची बटणे एकाच हाताने चालावीत अशी 'सोय' करून ठेवली असेल, तर एक क्षण पुरतो. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने वाहन उद्योगातल्या अशा अपघातांचे अहवाल काढते. त्यांत पॉवर प्रेस हे मोठे कारण म्हणून पुन्हा पुन्हा येते.

इथे एक खुलासा आधीच करतो. प्रेसच्या अपघातात बहुतेकांची एक-दोन बोटे जातात. पूर्ण हात जाणारे त्यामानाने थोडे. आजच्या लेखातला विजेचा हात मुख्यतः मनगटाच्या वर हात गमावलेल्यांसाठी असतो. केवळ बोटे गेलेल्यांनी आधी हाताच्या शस्त्रक्रियेतल्या तज्ज्ञांना दाखवावे. उरलेला अंगठा आणि एखादे बोट यांची पकड सुधारली, तर ती कोणत्याही यंत्रापेक्षा सरस ठरते, कारण तिला स्पर्श कळतो.

हात नसताना मूठ कशी मिटते?

वाचकहो, एक प्रयोग करून पाहा. डाव्या हाताची बोटे उजव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूस ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखाली स्नायू फुगलेला लागेल. आता मनगट मागे वळवा. बाहेरच्या बाजूचा स्नायू ताठेल. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. दोरीने कळसूत्री बाहुली हलवावी तसे लांब स्नायुबंधांनी ते बोटे ओढतात. म्हणून हात मनगटाजवळ तुटला तरी बोटे हलवणारे बरेचसे स्नायू मागे राहतात. मेंदूचा हुकूमही मज्जातंतूंतून त्यांच्यापर्यंत पूर्वीसारखाच पोहोचतो. बाहुली गेली, दोऱ्या ओढणारा शाबूत आहे, असे समजा.

स्नायू आकसताना त्यात अतिशय सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. त्वचेवर तो मोजला तर व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी भरतो. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. त्यावरून कल्पना यावी. हा क्षीण संदेश त्वचेवर टेकलेले धातूचे इलेक्ट्रोड टिपतात, विद्युत्‌मंडल तो कित्येक पटींनी वाढवते आणि मोटरला हुकूम देते. साध्या प्रकारात दोन इलेक्ट्रोड असतात. आतला स्नायू आवळला की मूठ मिटते आणि बाहेरचा आवळला की उघडते. यालाच मायोइलेक्ट्रिक हात म्हणतात. 'मायो' म्हणजे स्नायू. ताकद बॅटरीची असते, इशारा मात्र आपल्या स्नायूचा.

ही कल्पना नवी नाही. बेडकाच्या पायाचा स्नायू विजेने आखडतो, हे इटलीतल्या गॅल्वानींनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. स्नायूच्या विजेवर चालणारा पहिला हात जर्मनीतल्या म्युनिकचे राइनहोल्ड रायटर यांनी केला; त्याची माहिती १९४८ मध्ये छापली गेली. रेडिओसारख्या व्हॉल्व्हवर चालणारी ती यंत्रणा घेऊन हिंडणे शक्यच नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६० च्या सुमारास रशियात अंगावर वागवता येईल असा हात तयार झाला. आज पाच बोटे स्वतंत्र हलवणारे हात मिळतात आणि आपल्या देशातही बनतात. पण त्वचेवरून क्षीण संदेश टिपायचा, हे मूळ तत्त्व बदललेले नाही आणि त्यातली अडचणही.

घात कुठे होतो?

पहिला शत्रू घाम. किंचित ओलाव्याने इलेक्ट्रोडचा त्वचेशी संपर्क सुधारतो, पण धारा लागल्या की इलेक्ट्रोड सरकतो आणि संदेश भलतीकडे पसरतो. युरोपातल्या थंड खोलीत पास झालेला हात चैत्र-वैशाखात चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये नापास होऊ शकतो.

दुसरे कारण सॉकेट, म्हणजे हाताच्या उरलेल्या भागावर बसणारा साचा. त्या भागाची जाडी पहिले काही महिने बदलत राहते. साचा सैल झाला की इलेक्ट्रोड स्नायूवरून हलतो. हात वर उचलला, खाली लोंबू दिला किंवा जड वस्तू धरली, की साच्याचा दाब बदलतो आणि हुकूम न देताच बोटे हलतात. माझ्या पेशंटचा पेला पडला तो यामुळेच.

तिसरे कारण वजन. आपला हात आपल्याला जड वाटत नाही, कारण तो हाडांनी आणि स्नायूंनी जोडलेला असतो. तेवढ्याच वजनाचा हात त्वचेवर अडकवला की दुपारपर्यंत खांदा भरून येतो. थकलेल्या स्नायूचा संदेशही बदलतो.

चौथे कारण आजूबाजूची वीज. स्नायूच्या संदेशातली कंपने साधारण सेकंदाला २० ते ५०० या दरम्यान असतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात बसणारी. चांगल्या यंत्रात ही गुणगुण गाळण्याची सोय असते. तरीही वेल्डिंग मशीन आणि मोठ्या मोटरी यांच्या शेजारी हात चालवून पाहिल्याशिवाय भरवसा धरू नये.

आणि शेवटचे कारण, या हाताला स्पर्श कळत नाही. किती दाबले, किती गरम आहे, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. गरम चहाचा पेला विजेच्या हाताने लहान मुलाच्या अंगावरून नेऊ नये.

परीक्षा कशी घ्यावी?

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. आधी स्नायूंची तपासणी. इलेक्ट्रोड लावून पडद्यावर दोन्ही स्नायूंचे संदेश पाहता येतात. एक आवळताना दुसरा शांत राहतो का, हे पाहावे. दोन्ही एकदम उसळत असतील तर काही आठवडे सराव करावा. हाताची ऑर्डर त्यानंतर. मोटारसायकलच्या अपघातात मानेजवळच्या मज्जातंतूंची जुडी तुटली असेल, तर स्नायूपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. अशांचा निर्णय तज्ज्ञांनीच करावा.

२. तीन रकाने. वहीत तीन रकाने आखा : हुकूम दिला आणि पाळला, हुकूम दिला आणि पाळला नाही, हुकूम न देता हलला. बसून वीस वेळा मूठ उघडा-मिटा. मग हात डोक्याच्या वर नेऊन वीस वेळा आणि जमिनीकडे वाकून वीस वेळा. शेवटी पंखा बंद करून, जिना चढ-उतर करून, घाम आल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या रकान्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. न ऐकणारा हात त्रास देतो, पण आपल्या मनाने हलणारा हात इजा करतो.

३. ठोकळ्यांची कसोटी. जगभर वापरली जाणारी ही चाचणी घरीही करता येते. अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका खोक्यात भरा, मध्ये आडवी फळी ठेवा आणि एका मिनिटात किती ठोकळे एकेक करून पलीकडे टाकता येतात ते मोजा. धडधाकट तरुण सत्तरच्या पुढे जातो. विजेच्या हाताने त्याच्या निम्मेही होणार नाहीत. निराश होऊ नये. पहिल्या दिवसाचा आकडा आणि महिन्यानंतरचा आकडा यांतला फरक महत्त्वाचा. सराव करूनही आकडा हलत नसेल, तर साच्यात किंवा इलेक्ट्रोडच्या जागेत दोष शोधावा.

४. आपली दहा कामे. डब्याचे झाकण उघडणे, शर्टाची बटणे, बुटाची नाडी, कांदा धरून चिरणे, दुधाची पिशवी कापणे, पीएमपीच्या बसमधला दांडा धरणे. आपल्याला रोज करावी लागणारी दहा कामे लिहा आणि ती त्या हाताने करून पाहा. विकणाऱ्याने निवडलेली कामे नव्हेत, आपली. ज्याच्या घरी नळाला पाणी नाही आणि बादल्या वाहाव्या लागतात, त्याने बादलीची कडी धरून पाहावी. हाताला पाणी चालते का, हे मात्र आधी विचारावे. अनेक हातांना चालत नाही.

५. पूर्ण दिवस. सकाळी घालून संध्याकाळपर्यंत ठेवा. बॅटरी किती वाजता संपली? काढल्यावर त्वचेवर लाल वळ किती वेळ राहिला? अर्ध्या तासातही तो गेला नाही किंवा फोड आला, तर साचा दुरुस्त करून घ्या. मधुमेह असलेल्यांनी रोज त्वचा पाहावी.

६. दुरुस्ती. साचा बदलून कोण देणार, किती दिवसांत, किती खर्चात? दुरुस्ती पुण्यात होते की हात परगावी पाठवावा लागतो? हे लेखी घ्यावे.

टक्केवारीचा भूलभुलैया

हल्लीचे काही हात दोनाऐवजी अनेक इलेक्ट्रोड वापरतात आणि संगणकाच्या साह्याने संदेशाचा नमुना ओळखतात. अशा यंत्राच्या जाहिरातीत '९५ टक्के अचूक' असे वाचायला मिळते. हिशेब करून पाहा. दिवसात हाताला चारशे हुकूम दिले तर वीस वेळा चूक होणार, आणि त्यांतली एक उकळत्या आमटीच्या पातेल्याशी असू शकते. शिवाय ती टक्केवारी बहुधा खोलीत शांत बसून नोंदलेल्या संदेशांवरची असते. अशी टक्केवारी आणि प्रत्यक्ष कामातला उपयोग यांचा मेळ फारसा बसत नाही, हे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्येच दाखवले होते.

हात शाबूत असलेल्यांसाठीही हे तंत्र आता आले आहे. मेटा या अमेरिकन कंपनीने २०२५ मध्ये चष्म्याबरोबर मनगटाचा एक पट्टा बाजारात आणला. तो मनगटावरचे स्नायुसंदेश वाचतो आणि बोटांच्या बारीक हालचालींनी चष्म्याला हुकूम देता येतात. त्याच वर्षी कंपनीच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले, की बोटाने लिहिल्यासारखी हालचाल करून अशा पट्ट्याद्वारे मिनिटाला सुमारे २१ शब्द उमटवता आले. हजारो माणसांच्या संदेशांवर शिकवलेला हा पट्टा अनोळखी माणसालाही चालतो. तरीसुद्धा, त्या माणसाच्या स्वतःच्या संदेशांवर थोडे आणखी शिकवल्यावर तो १६ टक्क्यांनी सुधारला. एवढी साधने असलेल्यांनाही शेवटी ज्याचे माप त्यालाच घ्यावे लागते. आपण तर उरलेल्या, जखमी स्नायूंबद्दल बोलत आहोत.

साध्या हाताला हिणवू नका

खांद्याच्या पट्ट्याला जोडलेल्या तारेने उघडणारा हात किंवा आकडा दिसायला ओबडधोबड असतो. पण तो बॅटरी मागत नाही, घामाला भीत नाही, तार तुटली तर सहज बदलता येते, आणि तारेच्या ओढीवरून पकडीचा अंदाजही येतो. कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये आधीच्या २५ वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रौढांपैकी तारेचा हात टाकून देणारे सरासरी २६ टक्के आणि विजेचा टाकून देणारे २३ टक्के निघाले. महाग हात कपाटात पडत नाही, असे समजू नये. कष्टाच्या कामाला आकडा आणि कार्यालयात, समारंभात विजेचा हात, अशी वाटणी करणारे लोकही पुष्कळ आहेत. रोटरीच्या शिबिरांतून विनामूल्य मिळणारा एलएन-४ हा साधा हातही कोपराखाली पुरेसा भाग उरलेल्यांना उपयोगी पडतो.

प्रेस, लेथ किंवा कोणत्याही फिरत्या यंत्रावर मात्र कृत्रिम हाताने काम करू नये, मग तो तारेचा असो वा विजेचा.

कुठे जावे?

आपले भाग्य असे, की देशातले नावाजलेले कृत्रिम अवयव केंद्र आपल्या पुण्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये लष्कराने ते सुरू केले आणि तिथे नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कोणताही हात विकत घेण्यापूर्वी यांपैकी एका ठिकाणी दाखवावे. जखम भरल्यावर जितक्या लवकर जाल तितके बरे. पहिल्या महिन्याभरात कृत्रिम हात बसवलेले लोक तो टिकवून वापरतात, असा अमेरिकेतल्या डॉक्टरांचा १९८४ मधला अनुभव प्रसिद्ध आहे. उशीर झाला की माणूस एका हातावर निभवायला शिकतो आणि दुसरा नकोसा होतो.

ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला, मग तो ठेकेदाराचा असला तरी, कामावर झालेल्या इजेचे लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. किती हप्ते भरले ही अट त्याला नाही. कृत्रिम अवयवही या योजनेत मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. पण अनेक कामगारांच्या हाती विम्याचे कार्ड अपघातानंतरच पडते, हे वर उल्लेखिलेल्या अहवालांतही नोंदले आहे. कामावर असलेल्या प्रत्येकाने आपला विमा क्रमांक आजच मागून घ्यावा. अपघाताची लेखी नोंद झाली आहे ना, याची खात्री घरच्यांनी त्याच दिवशी करावी. जमीन गहाण ठेवण्याची वेळ त्यानंतरही येऊ नये.

माझ्या त्या पेशंटने वही केली. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात रोज तीस-चाळीस रेघा असत. केंद्रात साचा नव्याने केला, एक इलेक्ट्रोड बोटभर सरकवला आणि महिनाभराच्या सरावानंतर रेघा पाच-सहावर आल्या. त्याला तारेचा आकडाही मिळाला. चाकणला एका स्टोअरमध्ये तो आता माल मोजून लावतो आणि दिवसभर आकडाच घालतो. विजेचा हात त्याने धाकट्या बहिणीच्या लग्नात घातला होता. अक्षता त्यानेच वाटल्या. गहाण जमीन अजून सुटायची आहे. "वही आधी केली असती तर, डॉक्टर," असे वडील परवा म्हणाले.

पुढील आठवड्यात : यंत्रात तुटलेले बोट रुग्णालयापर्यंत कसे न्यावे.